सुट्टी लागायच्या आत दारातल्या झुडपाचं नाव शोधा

धाराशिव जिल्ह्यातल्या आईवडिलांना, शिक्षकांना, अंगणवाडीताईंना, आशाताईंना, आणि ज्यांच्या दारात, कंपाउंडला किंवा शाळेच्या कुंपणाला फळं धरलेलं एखादं झुडूप उभं आहे त्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. पोरं दिवसभर बाहेर असणार. त्याआधी त्या झुडपापाशी जा, ते कोणतं आहे ते शोधून काढा, आणि नाव पक्कं कळेपर्यंत त्याचं एकही फळ कुणाच्या तोंडात जाणार नाही अशी तजवीज करा. हे काम याच आठवड्यात व्हायला हवं. का, ते सांगते.

मागच्या पंधरवड्यात दुपारी चारच्या सुमारास आमच्या कॉलनीत भिंतीलगत पाच पोरांनी बाजार मांडला होता. दोन करवंट्या सुतळीनं बांधून तराजू केलेला. पोत्यावर ढीग होता तो नारिंगी रंगाच्या, वाटाण्याएवढ्या गोल फळांचा. बाटलीच्या झाकणानं मापून विक्री चालली होती. "आज्जी, मोसंबी घे की, दहा रुपये किलो," म्हणत माझी साडेचार वर्षांची नात जवळ आली, तेव्हा तिच्या ओठाच्या कडेला नारिंगी रस वाळलेला दिसला. तिचं तोंड उघडून बोट फिरवलं तर जिभेखालून अर्धवट चावलेली साल निघाली. किती खाल्लीस म्हणून विचारलं. "दोनच. गोड नाहीतच ती." शेजारच्या मुलानं किती खाल्ली ते त्यालाच सांगता येईना. कुणी दोन म्हणत होतं, कुणी मूठभर.

पाचही पोरांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "कशाचं फळ?" आम्ही सहा मोठी माणसं तिथं उभी होतो. मी स्वतः तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. सहापैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. ज्या झुडपाशेजारून आम्ही रोज दोन वेळा जातो, ज्याच्या सावलीत गाड्या लावतो, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी रात्रीपर्यंत पोरांना नजरेखाली ठेवलं. एकाला तीन वेळा उलटी झाली, बाकीची ठीक राहिली. पण त्या पाच तासांत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. नाव माहीत असतं, तर डॉक्टरांना काय बघायचं, कशाची वाट बघायची, हे पहिल्या मिनिटाला कळलं असतं.

घरी आल्यावर नाव शोधायला लागले. रखवालदार म्हणाला, शोचं झाड आहे. पूर्वीच्या माळ्याचं म्हणणं, नर्सरीतून आणलेलं विलायती झाड आहे. शेजारच्या काकांनी छातीठोकपणे सांगितलं, की बुलबुल रोज खातात, काही होत नाही. मोबाइलवर फोटो काढून ओळखायला दिला तर तीन फोटोंना तीन नावं आली, आणि त्यातलं एक खायच्या फळाचं होतं. ते नाव बघून कुणी निर्धास्त झालं असतं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन त्या झुडपाखाली बसले. उंची माझ्यापेक्षा दोन हात जास्त. फांद्या कमानीसारख्या वाकून खाली आलेल्या. पानं समोरासमोर, जोडीजोडीनं. काही पानांच्या बगलेत बारीक पण टोकदार काटा. उन्हातली पानं पिवळसर, आतल्या सावलीतली हिरवीगार. टोकाला जांभळ्या फुलांचे लोंबते तुरे, पाकळ्यांना पांढरी किनार. आणि फळं माळेत ओवल्यासारखी खाली लोंबणारी. एक फळ तोडून निरखलं तर लक्षात आलं, की फुलाचा निदलपुंज त्याला घट्ट लपेटून बसला होता आणि टोकाशी त्याची इवलीशी चोच झाली होती. ब्लेडनं आडवं कापलं. आत चार टणक बिया, एकमेकींना चिकटून.

डहाळी पिशवीत घालून महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या एका जुन्या स्नेह्यांकडे गेले. त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. "दुरंता," ते म्हणाले, "तुमच्या कॉलनीचं पिवळं कुंपण." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेली दहा-बारा वर्षं आम्ही ज्याला मेंदीसारखं छाटत होतो ते हेच होतं. कात्री चालू असते तोवर या कुंपणाला फूल धरायला फुरसतच मिळत नाही, म्हणून फळ कुणी पाहिलेलं नव्हतं. माळी सोडून गेला, दोन पावसाळे छाटणी झाली नाही, झुडूप वर गेलं, फुललं, फळलं, आणि ओळखीचं कुंपण अनोळखी झालं.

ही गोष्ट एकट्या आमच्या कॉलनीची नाही. पिवळ्या पानांचं हे कुंपण रस्त्याच्या दुभाजकांत, सरकारी कचेऱ्यांच्या आवारात, मंगल कार्यालयांत, शाळांच्या फाटकांपाशी सगळीकडे दिसतं. जिथं जिथं छाटणी थांबली तिथं तिथं आज फळांच्या माळा लोंबत असतील. दुरंता मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाचा. लिनियसनं १७५३ मध्ये त्याचं नाव नोंदवलं ते कास्तोरे दुरांते या सोळाव्या शतकातल्या इटालियन वैद्याच्या स्मरणार्थ. कुळ आपल्या घाणेरीचंच. फळात सॅपोनिनं असतात. ती पोटात गेली की उलट्या, ताप, गुंगी, बाहुल्या मोठ्या होणं, नाडी जलद चालणं, आणि जास्त गेली तर झटके. मुलं, कुत्री, मांजरं यानं दगावल्याच्या नोंदी जगात आहेत. आणि पाखरं खरोखरच ही फळं खातात, त्यांना काही होत नाही. पाखराचं पोट वेगळं, लेकराचं वेगळं. 'पाखरू खातं म्हणजे चालतं' हा आडाखा आपल्याकडे इतका मुरलेला आहे, की तो मोडून काढायला घरोघरी सांगावं लागेल. तेवढं सांगाच.

एक गोष्ट मला फार लागली. येडशीच्या रामलिंग घाटात शेळ्या चारणाऱ्या माणसाला विचारा, तो चालता चालता बोट दाखवत जाईल. ही हेकळ, हा तरवड, ही पांढरफळी, ती नेपती, हे गोंदण. कोणतं फळ कधी पिकतं, कोणत्या पाल्यानं शेळी फुगते, सगळं तोंडपाठ. आषाढीच्या बारशीला वाघाट्याची भाजी हवी म्हणून आजही बायका नेमकी तीच वेल हुडकून काढतात. बालाघाटाच्या माळावरच्या काट्याकुट्याला नाव आहे, आणि सिमेंटच्या अंगणात पैसे देऊन आणलेल्या झुडपाला नाव नाही. रानातलं झाड आपल्याला आजीनं ओळखून दिलं होतं. नर्सरीतलं झाड टेम्पोतून आलं, काळ्या पिशवीतून निघालं आणि खड्ड्यात उभं राहिलं. त्याची ओळख करून देणारं कुणी मधे नव्हतंच.

पुस्तकांचंही तसंच झालं. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. बार्शी-सोलापूर त्या हद्दीत होतं, पण आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून बाहेर राहिला. पुढं मराठवाड्यातल्या वनस्पती आयुष्यभर धुंडाळणाऱ्या डॉ. व्ही. एन. नाईक यांनी १९७९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा लातूर जिल्हा वेगळा झालेला नव्हता, तो झाला १९८२ मध्ये, त्यामुळे लातूर-औशाचा भागही त्यात आहे. १९९८ मध्ये त्यांचे सगळ्या मराठवाड्याचे खंड आले. आपल्या जिल्ह्यावर एवढं काम झालं आहे याचा मला अभिमान वाटतो. पण असे ग्रंथ मुख्यतः रानात आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींसाठी असतात. मागच्या वर्षी नर्सरीत आलेलं शोभेचं झुडूप त्यांत सापडेलच असं नाही. ते ओळखायला आपल्यालाच कंबर कसावी लागेल.

रानातली ओळखही आता पातळ होत चालली आहे, म्हणून दोन-तीन जोड्या इथं मुद्दाम सांगते. चिरबोटीचं फळ कागदी फुग्यात असतं, पिकलं की पिवळसर, पोरं आवडीनं खातात. तसाच कागदी फुगा ढोरगुंजेला, म्हणजे अश्वगंधेला असतो, पण आतलं फळ लालभडक. लाल निघालं की टाकून द्या. कामोणीची काळी पिकलेली फळं आपण लहानपणी खाल्ली, पण तिचीच हिरवी, कच्ची फळं विषारी असतात. घाणेरीचंही तेच, हिरवी फळं घातक, आणि पोरं पिकण्याची वाट बघत नाहीत. रातराणीला फुलं झडल्यावर पांढरी, मण्यांसारखी फळं धरतात, ती मोत्यासारखी दिसतात म्हणून मुली गोळा करतात. ती तोंडात जाऊ देऊ नका. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी खेळण्यात आपल्या कित्येक पिढ्या गेल्या, पण त्या बिट्टीतला गर थेट हृदयावर आघात करतो. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथं बिट्टी नकोच.

आणि चंद्रज्योत. कुणी मोगली एरंड म्हणतं, कुणी जेट्रोफा. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून ती बांधावर आणि कुंपणाला पूर्वीपासून होतीच. त्यात २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं तिच्या बियांपासून डिझेल काढायची शिफारस केली, आणि पडीक जमिनीवर तिची लागवड वाढली. डिझेलचं स्वप्न विरलं, झाडं मात्र शाळेच्या मागं उभीच राहिली. तिच्या बोंडात तीन काळ्या बिया असतात, फोडल्या की पांढरा गर, चवीला शेंगदाण्या-बदामासारखा. त्या चवीनं घात होतो. एक मूल खातं, दुसऱ्याला देतं, आणि उलट्या-जुलाबांनी वर्गच्या वर्ग दवाखान्यात जातो. राज्यात कुठं ना कुठं अशी बातमी येतच असते, आणि दर वेळी 'मुलांनी बदाम समजून खाल्लं' हेच वाक्य असतं. मुलांनी समजायचं कसं? आपण सांगितलंच नाही.

झुडूप ओळखून घ्यायचं ते कसं, हे नीट सांगते, कारण 'हे कुठलं झाड' म्हणून ग्रुपवर येणाऱ्या दहापैकी नऊ फोटोंवरून कुणालाच काही सांगता येत नाही. नुसत्या लाल ठिपक्यांचा लांबून काढलेला फोटो उपयोगाचा नाही. आधी आख्ख्या झुडपाचा फोटो घ्या, शेजारी माणूस उभा करा म्हणजे उंची कळेल. मग एका डहाळीचा, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक हे स्पष्ट दिसेल असा. पानाची पाठ. काटा असेल तर काटा. खोड गोल आहे की चौकोनी ते बोटांत फिरवून बघा आणि लिहा. पान देठापाशी तोडल्यावर पांढरा चीक येतो का? आला तर हात लगेच साबणानं धुवा, डोळ्याला लावू नका. चीक नसेल तर पान चुरगळून वास घ्या. फूल असेल तर फुलाचा जवळून फोटो. फळाचा घड जसा लोंबतो किंवा उभा राहतो तसा, आणि एक फळ आडवं कापून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. बिया मोजा. चव मात्र कुणीही, कधीही बघायची नाही. 'जिभेला लावून बघितलं' असं सांगणारी शहाणी माणसं मला या पंधरवड्यात तीन भेटली, म्हणून हे लिहावं लागतंय.

डहाळी दूर पाठवायची असेल तर पानं, फूल, फळ सगळं असलेली वीतभर डहाळी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवा, वर ज्वारीचं पोतं नाहीतर जाड पुस्तकांचा ढीग ठेवा, आणि आठवडाभर रोज कागद बदला. कागदावर गाव, जागा, तारीख, आणि गावात त्याला काही म्हणत असतील तर तो शब्द लिहा. फुलाचा आणि फळाचा ताजा रंगही लिहा, वाळल्यावर तो राहत नाही. अशी डहाळी घेऊन धाराशिव, उमरगा, कळंब, नळदुर्ग, जिथं विज्ञान शाखेचं महाविद्यालय जवळ असेल तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. तिथं उलगडा झाला नाही तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथं वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. मोबाइलमधल्या अ‍ॅपला जरूर विचारा, पण ते सांगेल तो तर्क समजा. त्याच्या भरवशावर फळ खायचं नाही, आणि ते 'निर्धोक' म्हणालं म्हणून पोराला दवाखान्यात न्यायचं टाळायचंही नाही.

आता पोरानं खाल्लंच तर. घाबरून आपण जे पहिलं करतो तेच बहुतेक चुकीचं असतं. मिठाचं पाणी पाजून, घशात बोट घालून उलटी काढू नका. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि मिठाच्या पाण्यानं लहान मुलाच्या जिवाला वेगळाच धोका होतो. तूप, दूध, ताक, लिंबू, काही पाजू नका. तोंडातलं उरलंसुरलं बोटानं काढा, चूळ भरायला लावा, आणि निघा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. मूल हसतंखेळतं दिसतंय म्हणून घरी थांबू नका, काही विषांची लक्षणं उशिरा दिसतात. निघताना त्या झुडपाची फळांसकट फांदी तोडून सोबत घ्या. मुलानं उलटी केली असेल तर तीही डबीत घ्या, तिच्यातल्या सालीवरून, बियांवरून फळ ओळखता येतं. सोबतच्या पोरांना रागावू नका. रागावलं की ती आकडा लपवतात, आणि तो आकडाच डॉक्टरांना हवा असतो. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र रात्रंदिवस फोनवर सल्ला देतं. १८०० ११६ ११७ हा त्यांचा नि:शुल्क क्रमांक. तो आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, आणि आपल्या भागातल्या डॉक्टरांनाही कळवा.

जनावरांचंही विसरू नका. ज्या जिल्ह्याच्या नावानं उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, तिथं छाटलेल्या कुंपणाचा ढीग गोठ्यापुढं टाकणं परवडणारं नाही. चारा कमी पडला की जनावर घाणेरीलाही तोंड लावतं, मग कावीळ होते, उन्हात उभं राहिलं की अंगावरची पांढरी कातडी भाजल्यासारखी सोलते. छाटणीचा पाला ओळखीचा नसेल तर तो खड्ड्यात पुरा.

नर्सरीवाल्या भावांना हात जोडून सांगणं आहे. रोप विकताना पिशवीला नावाची चिठ्ठी बांधा, शास्त्रीय नावासकट, आणि फळ विषारी असेल तर तसं तोंडी सांगा. गिऱ्हाईक परत जाणार नाही. विषारी आहे म्हणून सगळी झाडं उपटून टाका, असं मी म्हणत नाही. आमच्या कॉलनीनं दुरंता तोडला नाही, फळं उतरवून पुरली, छाटणी पुन्हा सुरू केली आणि त्याच्यावर पत्र्याची पाटी लावली. 'दुरंता. फळ विषारी.' तीनच शब्दांची पाटी आहे, आणि पहिलीतली पोरंसुद्धा ती अक्षरं जुळवून वाचतात. शाळांनी सुट्टीआधीचा एक तास वर्गाबाहेर घ्यावा, आवारातल्या प्रत्येक झुडपाला अशी पाटी लावावी. ज्याचं नाव कळलं नाही त्याच्यावर 'नाव शोधत आहोत, फळ खाऊ नका' एवढं लिहावं. सरपंचांनी अंगणवाडीच्या भोवतालची चंद्रज्योत आधी बघावी. आणि ज्यांना झाडं कळतात अशा आज्या, वैदू, मेंढपाळ, शेळ्या राखणारे गावात अजून आहेत, त्यांना त्या तासाला शाळेत बोलवा, खुर्ची द्या, आणि ते सांगतील ते शब्द मुलांकडून लिहून घ्या.

हे करताना आमच्याच भागात एक झुडूप असं निघालं ज्याचं नाव अजून लागलेलं नाही. एका जुन्या शाळेच्या मागच्या भिंतीला ते वाढलं आहे. पुरुषभर उंच, काटा नाही, चीक नाही. पानं एकाआड एक, गुळगुळीत, लांबट, वरून गडद हिरवी. फुलं बारीक, पांढरी, नळीसारखी, झुबक्यानं येणारी, आणि त्यांना दिवसा वास येतो. फळं हिरव्याची जांभळी-काळी होतात, वाटाण्याहून लहान, फोडली की बोटांना शाईसारखा डाग पडतो. जांभळं समजून कुणीही मूल हात घालेल अशीच ती दिसतात. रातराणीच्या गोतातलं असावं असा माझा तर्क आहे, पण तर्कावर पाटी लावायची नाही असं आम्ही ठरवलं आहे. आपल्यापैकी कुणी ते झुडूप लावलं असेल, विकलं असेल, दुसऱ्या गावात पाहिलं असेल, त्याला आपल्याकडे काय म्हणतात हे ठाऊक असेल, तर या अंकाच्या कार्यालयात कळवा. शाळेला पुढच्या शनिवारपासून सुट्टी आहे.